पहिलं पाणी कोणत्या दगडाला?

एका जंगलात एक कडा होता. बसलात का सगळे नीट? मागचे पुढे या, पुढचे जरा सरका. शेंगा नंतर. आधी गोष्ट.

तर कडा. उंच होता, सरळ होता, आणि चिरोट्याला पदर असतात तसे त्याला थर होते. वरून खाली मोजा माझ्याबरोबर. सगळ्यात वर काळा, टणक दगड. त्याच्याखाली तांबडा पट्टा. त्याच्याखाली पुन्हा काळा दगड, पण हा भोकाभोकांचा, अनारशाला जाळी पडते तसा. आणि सगळ्यात तळाला पिवळट चिकणमातीचा थर. झाले चार.

आणखी एक गोष्ट होती. या चारही थरांना चिरत, तळापासून शेंड्यापर्यंत, एक उभी काळी भिंत गेली होती. कोणी बांधलेली नव्हे. दगडाचीच, निसर्गाची.

कड्यात प्रत्येकाचं घर ठरलेलं होतं. सगळ्यात वर वानर. तांबड्या पट्ट्यात कोल्हे. जाळीदार दगडात मुंगूस. तळाच्या मातीत खवले मांजर, साळिंदर, ससे, अशी किरकोळ मंडळी. आणि उभ्या भिंतीतल्या गुहेत वाघ महाराज.

त्या जंगलात एक रीत होती. उन्हाळ्यात ओढा आटला की कड्याच्या पायथ्याशी एकच डोह उरायचा. मग पाण्याला नंबर लागायचे. ज्याच्या घराचा दगड थोरला, त्याचं पाणी पहिलं.

आता दगड थोरला कोणता, हे कसं ओळखायचं? वानरांचे पाटील होते शेंडेराव. ते म्हणायचे, "सोपं आहे. आपल्यात थोरले कुठं बसतात? वर. पारावर, चौरंगावर. धाकटे कुठं? खाली. मग जो दगड वर, तो थोरला. पटलं?"

सगळे म्हणायचे, "पटलं." वरून कोणी "पटलं?" असं विचारलं की खाली पटतंच. तुम्ही मोठे झालात की तुम्हालाही पटेल.

आणि महाराजांची भिंत? तिचं काही विचारायलाच नको. बाकीचे दगड आडवे पडलेले, ही एकटी उभी. कोल्हे प्रधानजी दरवर्षी सांगायचे, "आधी ही भिंत उभी राहिली. मग चारही थर तिला येऊन चिकटले. दरबारात आपण महाराजांना चिकटतो, अगदी तसे." हे मात्र सगळ्यांना लगेच समजायचं.

तेव्हा नंबर असे. आधी महाराज. मग वानर, मग कोल्हे, मग मुंगूस. आणि शेवटी तळाची मंडळी. तोवर डोहात काय उरायचं? चिखल.

आता आपल्या गोष्टीतला नायक. त्याला सगळे खवल्या म्हणत. खवले मांजर म्हणतात, पण त्यात मांजरासारखं काही नसतं. अंगावर कौलारू घरासारखे खवले. तोंडात दात एकही नाही. जीभ मात्र हातभर लांब आणि चिकट. ती मुंग्यांच्या वारुळात घालायची, बाहेर ओढायची, की झालं जेवण.

पण जीभ चिकट राहायला पाणी लागतं. त्या वर्षी उन्हाळा असा पडला, की शेवटच्या नंबराला चिखलसुद्धा सुका येऊ लागला. खवल्याच्या बायकोची, खवलीची, जीभ सुतळीसारखी कोरडी झाली. ती वारुळात जीभ घाली आणि बाहेर काढी. जिभेवर एक मुंगी नसे. उलट मुंग्या आतून तिच्या जिभेवर चालून बघत, आणि परत जात.

"अहो," खवली म्हणाली, "समोर भरलेलं ताट आहे आणि हात बांधलेत, असं झालंय बघा. आणखी आठ दिवस असं गेलं तर मी काही राहत नाही."

शेजारी साळू मावशी होती. साळिंदरीण. अंगावरच्या काट्यांपेक्षा तिची जीभ टोकदार. ती म्हणाली, "खवल्या, तू आयुष्यभर जमीन उकरलीस. मुंग्यांशिवाय काही मिळालं का तुला?"

"मिळालं की," खवल्या म्हणाला. "मावशी, मला एक दिसलंय. आपला थर सगळ्यात धाकटा नाही. सगळ्यात थोरला आहे."

"उन्हानं डोकं फिरलं याचं," मावशी खवलीला म्हणाली. "सावलीत घे ह्याला."

मुलांनो, खवल्याचं डोकं फिरलं नव्हतं. त्याची गोष्ट इथं जरा थांबवतो आणि आमच्या धान्याच्या गोदामातली एक सांगतो.

आमच्याकडे एकदा एक पाहुणे आले. लेकीचं लग्न होतं, त्यांना जुनाच तांदूळ हवा होता. मी आमच्या रंगोबा हमालाला म्हटलं, "थप्पीतलं सगळ्यात खालचं पोतं काढ." पाहुणे म्हणाले, "वरचं द्या ना, वरचं स्वच्छ दिसतंय. खालचं धुळीत पडलंय." तर रंगोबा, शाळेचं तोंड न पाहिलेला माणूस, काय म्हणाला? "पाव्हणं, वरचं पोतं आधी आलं असंल, तर खालचं येईपर्यंत ते कशावर बसलं हुतं? हवेवर?"

बस्स. एवढंच. खवल्यालाही एवढंच दिसलं होतं. खालचं आधी, वरचं नंतर. हे कळायला पोथी लागत नाही. आयुष्यात एकदा पोतं उचललेलं असावं लागतं.

खवल्या दरबारात गेला. हात जोडले आणि म्हणाला, "महाराज, नंबर चुकलेत. खालचा दगड थोरला असतो."

दरबार खो खो हसला. महाराज हसले नाहीत, कारण त्यांची झोप चालू होती. प्रधानजी मात्र हुशार. त्यांनी "नाही" म्हटलं नाही. हुशार प्रधान कधी "नाही" म्हणत नाहीत. ते म्हणाले, "उत्तम मुद्दा. आपण समिती नेमू."

पाषाण-वय-निश्चिती समिती नेमली. अध्यक्ष शेंडेराव. सदस्य त्यांचे दोन मेव्हणे. समिती कड्याच्या पाहणीला निघाली आणि थेट माथ्यावर गेली. तिथं उंबराचं झाड होतं. समितीनं आठ दिवस उंबर खाल्ले आणि अहवाल दिला. त्यात लिहिलं होतं, "समितीने माथ्यावरून संपूर्ण कडा पाहिला. माथ्यावरून सगळे थर खाली दिसले. सबब माथा थोरला."

त्या आठ दिवसांत खवलीचे खवले सैल झाले. चालताना वाळक्या पाचोळ्यासारखा आवाज होऊ लागला.

खवल्या पुन्हा दरबारात उभा राहिला. "महाराज, मला समितीसमोर बोलू द्या. सगळ्या जंगलासमोर."

महाराज जांभई देत म्हणाले, "बोलू दे रे. करमणूक होईल."

कड्याच्या पायथ्याशी दरबार भरला. खवल्यानं बरोबर एक शिंपला आणला होता. शिंपला कसला, गोगलगायीचा शंख, पण पार दगड झालेला. तो म्हणाला, "हा माझ्या घराच्या भिंतीतून निघाला. असे शेकडो आहेत. या गोगलगायी तळ्यात राहतात. म्हणजे आमचा थर म्हणजे एके काळचा तळ्याचा गाळ. आधी गाळ साचला. मग त्याच्यावर वितळलेल्या दगडाचा तापलेला रस वाहत आला आणि थिजला, तो मुंगसांचा जाळीदार दगड. त्याच्यावर माती झाली, ती कोल्ह्यांची तांबडी. मग आणखी एकदा रस आला, तो वानरांचा. गाळच नव्हता, तर रस पसरला कशावर?"

मुंगूस एकमेकांकडे बघू लागले. ते कायम शेवटून दुसरे. उलटं मोजलं तर त्यांचं भलंच होणार होतं. म्हणून त्यांना लवकर पटलं.

शेंडेराव उठले. "पुरावा आमच्याकडेही आहे! आणा रे!"

दहा वानरांनी घामाघूम होत एक मोठा धोंडा लोटत आणला. धोंडा दोन रंगांचा. वर पिवळट माती, खाली जाळीदार काळा दगड. शेंडेराव त्याच्यावर थाप मारून म्हणाले, "बघा! काळा खाली, पिवळा वर. तुझ्याच हिशेबानं खालचा थोरला ना? मग काळा थोरला. वानरांच्या घराण्यातला दगडही काळाच. सांग आता!"

दरबारात गलका झाला. खवल्या धोंड्याजवळ गेला. सगळीकडून हुंगला. मग म्हणाला, "पाटील, उन्हाळ्यात चिखलाला भेगा पडतात. त्या वर रुंद असतात की खाली?"

"वर रुंद," शेंडेराव म्हणाले. "खाली निमुळत्या. पोरही सांगेल."

"मग या मातीतल्या भेगा बघा. खाली रुंद आहेत आणि वर निमुळत्या."

शेंडेरावांनी वाकून पाहिलं. सगळ्यांनी वाकून पाहिलं.

"आणि पाटील," साळू मावशी मागून ओरडली, "सगळ्या जंगलाचं शेवाळ दगडाच्या वर उगवतं. तुमचंच कसं खाली उगवलं?"

धोंडा उलटा होता. वानरांनी तो रस्त्यात एकदा सोडला होता, तेव्हा तो कोलांटी खाऊन पडला. कोलांटी हा वानरांचा घरचाच प्रकार, म्हणून कोणाला त्यात वावगं वाटलं नव्हतं.

लोक हसले. आता शेंडेरावांवर हसले. महाराजही जागे होऊन हसले. म्हणाले, "हा खवल्या बेटा बरा आहे. प्रधानजी, याचं खरं दिसतंय. तळाचे थोरले. त्यांना वरचा नंबर देऊन टाका."

खवल्याला वाटलं, झालं. त्यानं खवलीकडे पाहिलं. ती मावशीला टेकून बसली होती. तिनं कोरडी जीभ ओठांवरून फिरवली.

पण हरलेल्या पाटलासारखा वाईट पाटील नाही. शेंडेराव गोड आवाजात म्हणाले, "आमची हरकत नाही, महाराज. आम्ही विद्येचे भोक्ते. फक्त एक शंका. खवलोपंत एवढे जाणकार आहेत, तर त्यांनी एवढं सांगावं, की महाराजांच्या भिंतीचं वय काय?"

डोहावरचा बगळासुद्धा दोन्ही पायांवर उभा राहिला.

खवल्यानं काय केलं? खवले मांजर घाबरलं की करतं तेच. तो गुंडाळला. नाक पोटात, शेपूट वर. दरबाराच्या मध्यभागी एक गोल गोळा.

"खवलोपंत?" शेंडेराव म्हणाले.

गोळा गप्प.

"विद्वान मौनात गेले," प्रधानजी हळूच म्हणाले. प्रधानजींना ते मौन फार आवडलं होतं. गोळा तसाच राहिला असता तर सगळं सुरळीत झालं असतं. महाराजांचा नंबर पहिला, तळाच्यांचा दुसरा. बोला, यात काय वाईट होतं? मी असतो तर गुंडाळलेलाच घरी गेलो असतो. घरंगळत.

पण माणसाला एकदा खरं बोलून टाळ्या मिळाल्या, की त्याची चटक लागते. खवल्यालाही लागली. गोळा हळूहळू उलगडला. आधी शेपूट, मग नाक.

"महाराज," तो म्हणाला, "मी एखादं वारूळ पोखरून आरपार बीळ पाडलं. तर आधी वारूळ झालं की आधी बीळ?"

"आधी वारूळ," महाराज म्हणाले. "हे काय विचारणं झालं?"

"आपली भिंत चारही थरांना कापत गेलीय. जो कापतो तो नंतरचा असतो. कापायला आधी काहीतरी असावं लागतं."

आमच्या गोदामात एका उंदरानं चार पोती आरपार कुरतडली होती. "उंदीर पोत्यांच्या आधीपासून उभा होता, पोती त्याला येऊन चिकटली," असं कोणी म्हटलं असतं तर रंगोबानं त्यालाच कुरतडलं असतं. पण हा उंदीर आपल्यातच राहू द्या. वाघाच्या दरबारात त्याचं नाव नको.

खवल्याचं संपलं नव्हतं. "शिवाय भिंतीच्या पोटात तांबड्या मातीचे तुकडे आहेत, आमचे शंख आहेत. वाघाच्या पोटात ससा सापडला, तर आधी काय? सशाचा जन्म, की वाघाचं जेवण?"

सशांनी कान पाडले. त्यांना हे उदाहरण मुळीच आवडलं नाही.

"आणि भिंतीच्या दोन्ही कडांना सगळे थर भाजलेत. वरचे तीन तर तडकलेत. वणव्यानंतर जमीन होते तसे. म्हणजे भिंतही तापलेला रसच, खालून चिरत आली, सगळ्यांच्या नंतर आली. महाराज, या कड्यात आपली भिंत सगळ्यात..." इथं तो अडखळला. मग एका दमात म्हणाला, "सगळ्यात धाकटी आहे."

महाराज उठून उभे राहिले.

मी अनेक सभा पाहिल्या. सभेत कोणी उठलं की लोक बसतात. पण वाघ उठला की लोक निघतात. ससे निघाले. मुंगूस निघाले. शेंडेराव एका उडीत उंबरावर गेले आणि तिथून फार दुःखी चेहरा करून बघू लागले.

"धाकटी?" महाराज म्हणाले. "आमचं घराणं धाकटं? म्हणजे आम्ही शेवटी पाणी प्यायचं? या मुंगी-खाऊच्या मागून?"

खवल्या पुन्हा गोळा होऊ लागला. अर्धा झाला, तेवढ्यात कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

प्रधानजी होते.

"धन्य!" प्रधानजी म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं. त्यांचा नंबर तिसरा असल्यामुळे त्यांच्या डोळ्यांना पाणी पुरत असे. "धन्य ती विद्या आणि धन्य तो खवल्या! महाराज, राग सोडा. आज सत्य बाहेर आलं. आपली भिंत धाकटी आहे. सगळ्यात धाकटी. आणि मी आपल्याला विचारतो, घरात आधी पाणी कोणाला देतात? थोरल्यांना की धाकट्यांना?"

महाराज थांबले. एक पंजा हवेत होता. तो हवेतच राहिला.

"बाळ रडत असताना आजोबा आधी पाणी पितात का?" प्रधानजींनी दरबाराकडे वळून विचारलं. "छे! आजोबा म्हणतात, आधी त्या लेकराला द्या. कारण आजोबा थोर असतात. थोरपण म्हणजे थांबणं! इतकी वर्षं आपण थोरल्यांना आधी पाणी देऊन थोरपणाचा अपमान करत होतो. आजपासून नवी रीत. ज्याचा दगड धाकटा, त्याचं पाणी पहिलं. पटलं?"

उंबरावरून शेंडेराव म्हणाले, "पटलं!"

मग सगळे म्हणाले, "पटलं."

लगेच नवी यादी केली. सगळ्यात धाकटी भिंत, म्हणून पहिले महाराज. त्यानंतरचा धाकटा दगड वानरांचा, म्हणून दुसरे वानर. मग कोल्हे. मग मुंगूस. आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यात थोरले, तळाचे. जुनी यादी काढली तर ती नवीसारखीच होती. फक्त वर नवीन मथळा घातला, "शास्त्रशुद्ध".

महाराजांनी पंजा खाली घेतला आणि तो खवल्याच्या पाठीवर ठेवला. अगदी हळू. "विद्वान आहेस," म्हणाले. "याला मान द्या."

मान म्हणून एक मोठी शिळा कोरून घेतली. तिच्यावर लिहिलं, "आद्य, अतिप्राचीन, परमपूज्य तळथर." दहा वानरांनी ती लोटत आणली. या वेळी सुलट. खवल्याच्या बिळाच्या बरोबर तोंडावर बसवली. समोरून फार छान दिसत होती. फक्त आत जाता येत नव्हतं.

संध्याकाळी खवली शिळेच्या सावलीत पडली होती. म्हणाली, "मग पाणी?"

"मान मिळाला," खवल्या म्हणाला.

"तो चाटून बघितला मी," खवली म्हणाली. "त्यालाही मुंग्या चिकटत नाहीत."

साळू मावशी म्हणाली, "आधी आपण धाकटे म्हणून शेवटी होतो. तेव्हा निदान शिव्या घालता येत होत्या. आता थोरले म्हणून शेवटी आहोत. आता शिव्याही शोभत नाहीत. काय मिळवलंस रे?"

बीळ बंद झालं होतं, तेव्हा नवं पाडणं भाग होतं. खवल्या उठला आणि कुठून खणावं ते पाहू लागला. एवढ्यात त्याला आपलंच दरबारातलं बोलणं आठवलं.

तो स्वतःशीच पुटपुटू लागला. "भिंतीच्या कडेनं वरचे तीन थर तडकलेत. हे मी दरबारात सांगितलं. तडा शेंड्यापासून थेट आपल्या मातीपर्यंत आलाय. मग वर पडलेला पाऊस कुठून खाली येत असेल?"

"कुठून?" खवली म्हणाली.

"तड्यातून. आणि खाली येऊन कुठं थांबत असेल?"

"मला काय विचारता? मी परमपूज्य आहे. मला उठवत नाही."

"चिकणमातीवर!" खवल्या म्हणाला. "आपल्या थरावर! चिकणमाती पाणी खाली जाऊ देत नाही. आणि भिंतीजवळची माती तर भाजलेली. म्हणजे रांजणच झाला की!"

तो खणत सुटला. शिळेच्या मागच्या अंगानं, उभ्या भिंतीच्या कडेला, पिवळ्या मातीच्या अगदी वरच्या अंगाला, आडवा. एक हात कोरडं. दोन हात कोरडं. मावशी म्हणाली, "पुरे, नखं जातील." तिसऱ्या हाताला माती गार लागली. चौथ्या हाताला नखाला चिकटली. पाचव्या हाताला खवल्या थांबला.

आतून आवाज येत होता. टप. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टप.

खवली सरपटत आत गेली आणि तिनं जीभ लांब केली. बऱ्याच वेळानं ती बाहेर आली, नाकाच्या टोकाला थेंब होता. समोरच्या वारुळाकडे गेली. जीभ घातली. काढली. जीभ काळी झाली होती, मुंग्यांनी.

"आता ओरडून सांगू का सगळ्यांना?" मावशी म्हणाली.

"मावशी," खवल्या तिचा काटा धरून म्हणाला, "एकदा सांगून बघितलं."

तेव्हापासून तळाची मंडळी ओळीनं शिळेच्या मागे जायची आणि ओठ पुसत बाहेर यायची. डोहावर कोणी फिरकेना. शेवटच्या नंबराला कोणी येत नाही हे प्रधानजींच्या लक्षात आलं. नाहीतर ते प्रधान कसले? एक दिवस ते स्वतः तळाला आले.

खवल्या शिळेला टेकून बसला होता. गुटगुटीत झाला होता.

"काय खवलोपंत? तुमच्यातले कोणी पाण्याला येत नाहीत हल्ली."

"आम्ही थोरले ना, प्रधानजी," खवल्या म्हणाला. "म्हटलं, आधी धाकट्यांचं होऊ द्या."

"पण तहान?"

"मान मिळाल्यापासून तहानच लागत नाही बघा. रोज सकाळी उठतो, शिळा वाचतो. पोट भरतं."

प्रधानजींनी शिळेकडे पाहिलं. खवल्याच्या तकतकीत जिभेकडे पाहिलं. पुन्हा शिळेकडे पाहिलं. मग धावत दरबारात गेले आणि म्हणाले, "महाराज, शोध लागला! मानानं तहान भागते!"

त्याच आठवड्यात मुंगसांनाही एक शिळा बसवून मिळाली. "द्वितीय प्राचीन." त्यांचा पाण्याचा नंबर त्यागमूर्ती म्हणून काढून घेतला. मुंगूस रडत रडत खाली आले आणि म्हणाले, "खवल्यादादा, आमची तहान काही भागत नाही हो. आमची शिळा खोटी आहे का?"

खवल्यानं इकडेतिकडे पाहिलं. "शिळा खरी आहे," तो म्हणाला. "तुम्ही ती समोरून वाचताय. मागून या."

तात्पर्य: सत्य नेहमी सगळ्यात खालच्या थरात असतं. ते उचलून वर दाखवायला नेऊ नये. तिथंच खणावं, पाणी लागतं.